"हे कुणी रंगवलं?" ऑस्ट्रेलियात ॲबोरिजिनल कलावस्तू घेताना

मेलबर्नला आल्यावर पहिल्यांदा पुण्याला निघाले, तेव्हा दोन भाच्यांसाठी दोन बूमरँग घेतले होते. शहरातल्या एका गजबजलेल्या दुकानातून, पंधरा-पंधरा डॉलरला. काळपट लाकूड, त्यावर पिवळे-पांढरे ठिपके, मधोमध कांगारू. घरी पोचल्यावर धाकट्याने विचारलं, "मावशी, हे कुणी रंगवलं?" मी लेबल उलटंपालटं करून पाहिलं. "हाताने रंगवलेले" एवढंच लिहिलं होतं. कुणाच्या हाताने, कुठल्या गावात, काही नाही. मला उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलं.

पुढच्या काही वर्षांत त्या प्रश्नाचा माग काढत मी इथल्या ॲबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवासी लोकांच्या मालकीच्या गॅलऱ्या, कलाकेंद्रं (कलाकारांच्या समाजानेच चालवलेल्या संस्था) आणि दुकानं पाहिली. आता भारतातून आलेलं ओळखीचं कुणी "इथलं काहीतरी घ्यायचंय" म्हणालं की मी त्यांना तिकडेच घेऊन जाते. दर वेळी जे तोंडी सांगते तेच इथे लिहितेय.

आधी बाजार समजून घ्या

विमानतळावर आणि पर्यटकांच्या रस्त्यांवर "ॲबोरिजिनल" म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं कुठल्याही ॲबोरिजिनल माणसाच्या हातून आलेलं नसतं. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २०२२ मध्ये याचा मोठा अहवाल दिला. त्यानुसार या शैलीतल्या दर तीन भेटवस्तूंपैकी किमान दोन बनावट असतात, म्हणजे त्यांचा फर्स्ट नेशन्स (ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरचे मूळ रहिवासी) कलाकारांशी काहीही संबंध नसतो.

बिरुबी आर्ट नावाच्या घाऊक विक्रेत्याचा खटला इथे सगळ्यांना माहीत आहे. जुलै २०१५ ते नोव्हेंबर २०१७ या काळात या कंपनीने १८,००० हून अधिक बूमरँग, डिजरीडू (फुंकून वाजवायचं लांब लाकडी वाद्य) आणि तशाच वस्तू विकल्या. त्या इंडोनेशियात बनलेल्या होत्या, पण वेष्टनावरचा मजकूर वाचून त्या ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल लोकांनी रंगवल्या आहेत असंच वाटावं. २०१९ मध्ये फेडरल कोर्टाने २३ लाख डॉलरचा दंड केला. मात्र दंड झाला तो ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल. नुसती "ॲबोरिजिनल शैलीतली" वस्तू बनवून तशीच विकणं हा कायद्याने गुन्हा ठरत नाही. म्हणून पारख आपल्यालाच करावी लागते.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. वारली चित्रं आपण कुर्त्यांवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर रोज पाहतो. जिव्या सोमा मशे यांनी ती कला डहाणूच्या पाड्यातून जगभर नेली, तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी त्या कपांच्या किमतीतला एक रुपया तरी एखाद्या वारली घरात पोचतो का, हे आपण सहसा विचारत नाही.

पायरी १: तीन वेगळे प्रश्न वेगळेच ठेवा

नवीन माणसाचा गोंधळ इथेच होतो.

वस्तू कुणी बनवली, हा पहिला प्रश्न. दुकान कुणाच्या मालकीचं, हा दुसरा. आणि तिसरा, दुकान कुणाचंही असो, कलाकाराला पैसे नीट मिळतात का. या तिन्हींची उत्तरं प्रत्येक वेळी एकसारखी निघत नाहीत. गोऱ्या मालकाची गॅलरी कलाकारांशी अतिशय सचोटीने वागणारी असू शकते. उलट ॲबोरिजिनल झेंडा लावलेल्या दुकानातल्या किल्लीच्या साखळ्या भलत्याच ठिकाणच्या असू शकतात. झेंड्याचा मुद्दा तर मुद्दाम लक्षात ठेवा. ॲबोरिजिनल कलाकार हॅरॉल्ड थॉमस यांनी १९७१ मध्ये तो बनवला. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने त्याचे हक्क विकत घेतले आणि तेव्हापासून तो कुणीही छापू शकतं. त्यामुळे टोपीवर झेंडा दिसला म्हणून टोपी कुणाची आहे ते कळत नाही.

मालकी तपासायची असेल तर "सप्लाय नेशन" या संस्थेची यादी मोबाइलवर फुकट पाहता येते. तिथे "नोंदणीकृत" म्हणजे किमान ५० टक्के मालकी फर्स्ट नेशन्स लोकांची आणि "प्रमाणित" म्हणजे ५१ टक्के किंवा अधिक मालकी, शिवाय कारभारही त्यांच्याच हातात. व्यवहाराची सचोटी पाहायची असेल तर दुकान "इंडिजिनस आर्ट कोड" चं सभासद आहे का ते पाहा. ही आचारसंहिता ऐच्छिक आहे. जे विक्रेते तिच्यावर सही करतात ते कलाकाराशी उघड आणि न्याय्य व्यवहाराची हमी देतात. त्यांचं चिन्ह बहुधा दारावर किंवा गल्ल्याजवळ असतं.

पायरी २: कुठे जायचं

मेलबर्नकरांनी पहिली फेरी फेडरेशन स्क्वेअरमधल्या यारा बिल्डिंगमध्ये मारावी. कूरी हेरिटेज ट्रस्ट तिथे आहे. १९८५ मध्ये सुरू झालेली, ॲबोरिजिनल मालकीची संस्था. आत यायला पैसे पडत नाहीत. वर प्रदर्शन पाहून मग दुकानात या, कारण प्रदर्शनात डोळे तयार होतात. इथे भर दक्षिण-पूर्व ऑस्ट्रेलियातल्या कलाकारांवर असतो, म्हणजे आपण ज्या भूमीवर राहतोय तिथल्याच लोकांवर. यारा नदीचं मूळ नाव बिररंग. संस्थेचे मार्गदर्शक तिच्या काठाने पायी फिरवतात, ती फेरीही चुकवू नका.

सिडनीत लायकार्टला बूमाली ही कलाकारांची सहकारी संस्था आहे. १९८७ मध्ये दहा ॲबोरिजिनल कलाकारांनी मिळून काढलेली. शहरात राहणाऱ्या कलाकारांना "तुमचं काम खरं ॲबोरिजिनल नाही" असं ऐकवलं जायचं, त्या काळात त्यांनी स्वतःची जागा उभी केली. तिथे छायाचित्रं, छापचित्रं, आजच्या राजकारणावर बोट ठेवणारी चित्रं दिसतील. ठिपके शोधत गेलात तर थोडं चकित व्हाल, आणि ते चांगलंच आहे.

वाळवंटातला प्रसिद्ध लाल खडक उलुरू पाहायला जाणार असाल (आपल्याकडचे आईवडील आले की ही सहल ठरलेलीच असते), तर मारुकू आर्ट्ससाठी अर्धा दिवस राखून ठेवा. ही त्या भागातल्या आनांगू लोकांच्या मालकीची संस्था १९८४ पासून चालते. त्यांची खासियत पुनू, म्हणजे लाकडाचं कोरीव काम: सरडे, साप, पक्षी, वाडगी. तापवलेल्या तारेने लाकडावर नक्षी डागतात, तिला वालका म्हणतात. हातात घेतलं की जळक्या लाकडाचा मंद वास येतो. माझ्याकडे त्यातला एक सरडा आहे आणि पाहुणा कुणीही असो, हात आधी त्याच्याकडे जातो. उलुरूजवळच्या यूलारा गावात त्यांच्या कलाकारांबरोबर बसून चित्र काढायलाही शिकता येतं.

मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्समध्ये पापुन्या तुला आर्टिस्ट्सची गॅलरी आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे भागधारक वेस्टर्न डेझर्ट या वाळवंटी भागातले कलाकारच आहेत. त्याच शहरात त्जान्पी डेझर्ट वीव्हर्सचं काम पाहा. वाळवंटातल्या चार शेहून अधिक बायका रानातलं गवत गोळा करून टोपल्या आणि प्राणी विणतात. त्जान्पी म्हणजे गवतच.

इतक्या ठिकाणी फिरणं जमणार नसेल तर मेळ्यांची वाट पाहा. ऑगस्टमध्ये डार्विनला ॲबोरिजिनल आर्ट फेअर भरतो. देशभरातली कलाकेंद्रं तिथे स्वतः येतात आणि विक्रीचा सगळा पैसा त्यांच्याकडेच जातो. याची खरेदी ऑनलाइनही करता येते. ॲलिस स्प्रिंग्सचा डेझर्ट मॉब हा असाच मेळा १९९१ पासून चालू आहे.

पायरी ३: प्रदेश ओळखायला शिका

"ॲबोरिजिनल चित्र म्हणजे ठिपके" ही समजूत घेऊन दुकानात जाऊ नका. कॅनव्हासवरची ठिपक्यांची शैली आपल्याला आज दिसते तशी १९७१ मध्ये पापुन्या या वस्तीत आकाराला आली. जमिनीवर, अंगावर काढायच्या आकृत्या तिथल्या वयस्क पुरुषांनी फळ्यांवर आणि मग कॅनव्हासवर उतरवल्या. ती मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटाची भाषा आहे.

उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये चित्रं झाडाच्या सालीवर काढतात. स्ट्रिंगीबार्क निलगिरीची साल पावसाळ्यात सोलतात, तेव्हा ती सहज सुटते. मग विस्तवावर धरून सपाट करतात. रंग गेरू, पांढरी माती आणि कोळसा यांचे. केसासारख्या बारीक आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीला रार्क म्हणतात. ती जवळून पाहिली की काढणाऱ्याचा श्वास किती स्थिर असेल असं वाटतं. मध्य ऑस्ट्रेलियातल्या हर्मान्सबर्गच्या बाजूला चित्रकार अल्बर्ट नामाजिरा यांच्या परंपरेतली जलरंगातली निसर्गचित्रं: जांभळे डोंगर, पांढऱ्या खोडांची झाडं. अगदी उत्तरेकडची टॉरेस स्ट्रेटची बेटं लिनोकट (लिनोलियमवर कोरून काढलेल्या) छापचित्रांसाठी आणि समुद्रात वाहून आलेल्या टाकाऊ जाळ्यांतून केलेल्या शिल्पांसाठी प्रसिद्ध. आणि आपल्या व्हिक्टोरियात समांतर रेघा, शंकरपाळ्यांच्या आकाराची नक्षी, पोसम या झाडावर राहणाऱ्या प्राण्याच्या कातड्याच्या शाली.

याचा व्यवहारी फायदा असा: कुणी "हे मेलबर्नचं पारंपरिक ठिपक्यांचं चित्र" म्हणून विकायला लागलं, तर कलाकार कोण आणि त्यांचे लोक कुठले, हे विचारायचं तुम्हाला सुचेल. वाळवंटातला कलाकार मेलबर्नमध्ये राहत असेलही, पण विक्रेत्याला ते सांगता आलं पाहिजे.

डिजरीडूचंही तसंच. तो मूळ उत्तरेकडचा, आर्नहेम लँडमधले योलंगू लोक त्याला यिडाकी म्हणतात. निलगिरीचं खोड वाळवीने आतून पोखरलेलं असतं, त्यामुळे आतली पोकळी वेडीवाकडी असते. आत एकसारखी गोल, गुळगुळीत नळी दिसली किंवा बांबू निघाला, तर पुढचा प्रश्न विचाराच.

पायरी ४: दुकानात वागायचं कसं

आत गेल्यावर आधी नमस्कार-चमत्कार, मग वस्तू. घाई नको. चित्राचा फोटो काढण्याआधी विचारा, कलाकार समोर असेल तर दोनदा विचारा.

समोरची व्यक्ती गोरी दिसली म्हणून "तुम्ही खरंच ॲबोरिजिनल का? किती टक्के?" हे कधीही विचारू नका. या देशात ॲबोरिजिनल मुलांना त्यांच्या कातडीच्या रंगावरून आईवडिलांपासून तोडून नेलं गेलं. त्या प्रश्नामागे तो सगळा इतिहास आहे. "ॲबोरिजिनी" हा जुना शब्दही टाळा. "ॲबोरिजिनल" किंवा "फर्स्ट नेशन्स" म्हणा.

वडीलधाऱ्यांना "आंटी" आणि "अंकल" म्हटलेलं ऐकाल. आपल्या काका-मावशीसारखंच वाटतं, पण इथे तो समाजाने दिलेला मान असतो. ओळख तशी करून दिली असेल तर आपणही तसंच म्हणावं, स्वतःहून नको. "मॉब" म्हणजे आपली माणसं, "कंट्री" म्हणजे ज्या भूमीशी त्यांचं नातं आहे ती. "तुमचा मॉब कुठला?" हे ते एकमेकांना विचारतात. आपण "कलाकार कुठल्या कंट्रीतल्या?" असं विचारलं की संभाषण छान सुरू होतं.

चित्राची गोष्ट विचारा, सांगतील तेवढी ऐका. पुष्कळ चित्रांमागे जी कथा असते तिचे काही भाग बाहेरच्यांना सांगायचे नसतात. आपल्याकडे गुरुमंत्र चारचौघांत सांगत नाहीत, तसं समजा.

आणि घासाघीस नको. मंडईत ती आपली रीत आहे आणि मला स्वतःला ती आवडते. इथे मात्र किमतीतला मोठा वाटा थेट कलाकाराचा असतो. कलाकेंद्रांमध्ये साधारण ५० ते ६० टक्के रक्कम कलाकाराला मिळते, उरलेल्यात कॅनव्हास, रंग, वाहतूक आणि केंद्राचा खर्च भागतो. पैसे एकदम द्यायला जड जात असतील तर "ले-बाय" आहे का विचारा. थोडी रक्कम भरून वस्तू बाजूला ठेवून घ्यायची, हप्ते संपले की घरी न्यायची. बऱ्याच गॅलऱ्या हे आनंदाने करतात. माझं पहिलं चित्र मी असंच चार महिन्यांत घेतलं.

पायरी ५: चार प्रश्न आणि एक कागद

विक्रेत्याला विचारा: कलाकाराचं नाव काय? त्या कुठल्या समाजाच्या, कुठल्या गावच्या? हे काम तुमच्याकडे कुठून आलं? कलाकाराला पैसे कसे मिळतात?

चांगल्या दुकानात या प्रश्नांनी कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. उलट माणसं खुलतात, एखादी दुसरं चित्र आतून काढून आणते. "आमच्याकडे बऱ्याच ठिकाणांहून येतं" अशी गुळमुळीत उत्तरं मिळाली, तर आभार मानून बाहेर पडा.

मूळ चित्र, साल किंवा कोरीव काम घेतलंत तर प्रमाणपत्र मागा. त्यावर कलाकाराचं नाव, भाषा किंवा समाज, कामाचं नाव, माध्यम, माप आणि कलाकेंद्राचा नोंद क्रमांक असतो. हा क्रमांक चित्राच्या मागेही लिहिलेला असतो. दोन्ही जुळतात का पाहा. ॲलिस स्प्रिंग्ससारख्या ठिकाणी काही कलाकार रस्त्यावर बसून स्वतःचं काम विकतात. त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही. सांगितलेली किंमत द्या, नाव लिहून घ्या, परवानगीने त्यांचा चित्रासकट फोटो घ्या.

कागद जपून ठेवायचं आणखी एक कारण आहे. पापुन्याचे चित्रकार जॉनी वारंगकुला यांचं एक चित्र १९७२ मध्ये १५० डॉलरला विकलं गेलं. तेच १९९७ मध्ये लिलावात २,०६,००० डॉलरला गेलं आणि २००० मध्ये ४,८६,५०० डॉलरला. त्या वाढीतला कायदेशीर वाटा कलाकाराला नव्हता. आता २०१० पासून कायदा आहे: चित्र १,००० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीला व्यापाऱ्यामार्फत पुन्हा विकलं गेलं, तर त्यातले ५ टक्के कलाकाराला किंवा वारसांना जाऊ शकतात. तुम्ही विकाल असं नाही, पण पुढच्या पिढीने विकलं तर कलाकाराचं नाव माहीत असायला हवं.

पायरी ६: बजेट लहान असेल तर

मूळ चित्रच घ्यायला हवं असं मुळीच नाही. वाळवंटातल्या कलाकेंद्रांचे वीतभर कॅनव्हास शंभर-दीडशे डॉलरच्या आसपास मिळतात. त्याहून कमीत शुभेच्छापत्रं, कप, स्कार्फ, उशांचे अभ्रे, भांडी पुसायचे रुमाल आहेत. यांना परवानाधारक वस्तू म्हणतात: कलाकाराने नक्षी वापरायची परवानगी दिलेली असते आणि विक्रीवर त्याला रॉयल्टी मिळते. लेबलवर कलाकाराचं नाव असायलाच हवं.

इथे एक गंमतीची, मला फार आवडणारी गोष्ट. एखाद्या अभ्र्यावर वाळवंटातल्या कलाकाराचं नाव आणि खाली "मेड इन इंडिया" दिसलं तर लगेच खोटं समजू नका. ॲडलेडची बेटर वर्ल्ड आर्ट्स ही संस्था ॲबोरिजिनल कलाकारांच्या नक्षी काश्मीरच्या कारागिरांकडून साखळी टाक्याने भरून घेते आणि कलाकारांना रॉयल्टी देते. मी असा एक अभ्रा आईला नेला. तिने आधी टाका ओळखला, मग नाव वाचलं.

महाराष्ट्र मंडळात दिवाळीला रांगोळी काढताना "यंदा ॲबोरिजिनल डिझाइन काढूया" असं कुणीतरी सुचवतं. हेतू प्रेमाचा असतो, हे मला कळतं. पण या आकृत्या विशिष्ट कुळांच्या असतात आणि त्या काढायचा अधिकार ठरलेल्या माणसांनाच असतो. व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर अशी चित्रं उतरवली गेली, तेव्हा कलाकारांनी फेडरल कोर्टात दाद मागितली आणि १९९४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पवित्र आकृती पायाखाली आली हे त्यांचं मोठं दुःख होतं. देव्हाऱ्यातलं चित्र पायपुसण्यावर पाहून आपल्याला जे वाटेल तेच. त्यापेक्षा मंडळाच्या बक्षिसांसाठी कलाकेंद्राचे स्कार्फ घ्या.

पायरी ७: भारतात नेताना

कॅनव्हास गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत द्यायला सांगा, चौकट पुण्या-मुंबईत करता येते. सालीवरचं चित्र मात्र वाकवायचं नाही. सपाट खोक्यात बांधून घ्या. पिसं, कातडी, इमूचं अंडं, शिंपले असलेल्या वस्तूंना वन्यजीवांचे नियम लागू होऊ शकतात, तेव्हा पैसे देण्याआधीच दुकानात विचारा.

आईवडील भेटीला आले असतील तर खरेदी त्यांच्या नावाने करा. एकाच विक्रेत्याकडे ३०० डॉलर किंवा जास्त खर्च झाला असेल, पावतीवर जीएसटी लागलेला असेल आणि परतीचं विमान ६० दिवसांच्या आत असेल, तर विमानतळावरच्या टीआरएस (प्रवाशांना कर परत देण्याची योजना) खिडकीवर तो कर परत मिळतो. वस्तू हातातल्या सामानात ठेवा आणि खिडकीसाठी निदान तासभर आधी पोचा. पावतीवर जीएसटी नसेल तर परताव्याचा प्रश्नच येत नाही, काही कलाकारांच्या कामावर तो लागत नाही.

घरी लावताना उन्हाची तिरीप टाळा, सालीचित्राला एसीचा थेट झोतही नको. वाळवंटातली पुष्कळ चित्रं जमिनीवर पसरून, चारही बाजूंनी बसून काढलेली असतात. भूमी वरून पाहिल्यासारखी. त्यामुळे त्यातल्या अनेकांना वर-खाली असं नसतं, आडवं लावा की उभं, चालतं. तरी घेतानाच विचारून ठेवा. आमच्या पुण्याच्या घरी बैठकीत असं एक चित्र आहे, त्याखाली भावाने कलाकार बाईंचं नाव आणि गाव देवनागरीत लिहून लावलंय. धाकटा भाचा आता कॉलेजात आहे. पाहुण्यांना तोच सांगतो, हे कुणी रंगवलं ते.